गेममध्ये पट्टे, ठिपके, चमकणारे त्रिकोण दिसतायत? कार्ड बदलायच्या आधी दोष कुठे आहे ते शोधा

गेम मस्त चालू असतो आणि अचानक स्क्रीनभर रंगीत चौकोन पसरतात, किंवा कॅरेक्टरच्या खांद्यातून लांबच लांब टोकदार त्रिकोण निघून आभाळात जातात, किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. नवीन माणसाच्या मनात लगेच येतं की संपलं, ग्राफिक्स कार्ड गेलं. मग काय होतं की घाबरून एकाच बैठकीत सगळं केलं जातं, ड्रायव्हर बदलला, बायोस म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर अपडेट केलं, केबल बदलली, विंडोज नव्याने टाकलं, आणि एवढं करून प्रॉब्लेम गेला तरी कशाने गेला ते कळत नाही आणि नाही गेला तर आता कुठे बघायचं तेही कळत नाही. म्हणून आधीच सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तोच गेम, तोच सीन, तेवढाच वेळ खेळून बघायचं, आणि काय झालं ते मोबाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण दोष सापडतो तो असाच.

डोक्यात एवढं पक्कं ठेवा की चित्र तुमच्यापर्यंत टप्प्याटप्प्याने येतं. गेम सांगतो काय काढायचं, ड्रायव्हर ते कार्डला समजेल अशा भाषेत देतो, कार्डची चिप आणि कार्डवरची मेमरी म्हणजे व्हीरॅम मिळून फ्रेम म्हणजे एकेक चित्र बनवतात, मग ती फ्रेम पोर्टमधून केबलने मॉनिटरला जाते. ग्लिच म्हणजे चित्रातला हा बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर येऊ शकतो. आपलं काम म्हणजे कुठला टप्पा ते ठरवणं, दुरुस्ती त्यानंतर.

सगळ्यात आधी स्क्रीनशॉट काढा

ही टेस्ट फुकट आहे, काही सेकंदांची आहे, आणि तरी बहुतेक जण करत नाहीत. ग्लिच दिसत असतानाच विंडोज की आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा, फोटो पिक्चर्सच्या आत स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जातो. फुलस्क्रीनमध्ये काळा फोटो येत असेल तर गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये चालवा किंवा स्टीमवर असाल तर एफ१२ वापरा. त्याच वेळी मोबाइलने मॉनिटरचाही फोटो काढून ठेवा.

आता तो स्क्रीनशॉट दुसऱ्या डिव्हाइसवर उघडून बघा, मोबाइलवर पाठवलात तरी चालेल. त्याच मॉनिटरवर बघू नका, कारण दोष मॉनिटरचा किंवा केबलचा असेल तर तो स्क्रीनशॉटच्या वरसुद्धा दिसणार आणि तुम्ही फसणार. स्क्रीनशॉटमध्ये ग्लिच असेल तर फ्रेम बनतानाच ती बिघडलेली आहे, म्हणजे गेम, ड्रायव्हर, कार्ड किंवा सिस्टिमच्या रॅम-प्रोसेसरकडे बघायचं. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि स्क्रीनवर मात्र घाण दिसत असेल तर फ्रेम बरोबर बनली होती, नंतर बिघडली, म्हणजे पोर्ट, केबल किंवा मॉनिटर. एक अपवाद लक्षात ठेवा, चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं ते टेअरिंग स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, त्याचं पुढे सांगतो.

मग दुसरा प्रश्न, कुठे कुठे दिसतं? एकाच गेममध्ये दिसत असेल आणि बाकीचे जड गेम तासन्‌तास नीट चालत असतील तर कार्डवर एवढ्यात संशय घेऊ नका, गेमचा किंवा त्या गेमसाठी ड्रायव्हरचा दोष असण्याची शक्यता जास्त. सगळ्या गेममध्ये दिसतं पण डेस्कटॉप स्वच्छ, तर लोड आल्यावर काहीतरी होतंय, म्हणजे क्लॉक (चिपचा किंवा मेमरीचा वेग), गरमी, पॉवर किंवा ड्रायव्हर. आणि पीसी चालू करताना जो कंपनीचा लोगो येतो किंवा बायोसची स्क्रीन येते तिच्यावरच पट्टे असतील तर ड्रायव्हर आणि गेम दोघंही सुटले, कारण तेव्हा ते लोडच झालेले नसतात. तिथे हार्डवेअरच, फक्त कार्ड की केबल की मॉनिटर एवढं ठरवायचं राहतं.

दिसतंय ते नक्की काय आहे

इथे थोडा वेळ द्या, कारण ग्लिचचा आकारच बरंच सांगून जातो.

सारख्या अंतरावर, एकदम शिस्तीत मांडलेले ठिपके किंवा छोटे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे, गुलाबी-हिरवे वगैरे रंगाचे, हे दिसलं की व्हीरॅमकडे बघा. कारण असं आहे की कार्डवर मेमरीच्या एकापेक्षा जास्त चिप्स असतात आणि चित्राचा डेटा त्यांच्यात ठरावीक तुकड्यांनी वाटून ठेवलेला असतो, त्यामुळे एक चिप किंवा तिचा एक जोड खराब झाला की बिघाड ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटतो. दोष गेमचा असेल तर तो सहसा गेममधल्या वस्तूच्या आकाराला चिकटून राहतो, भिंतीवर, झाडावर, पाण्यावर. मेमरीचा पॅटर्न मात्र गेममधल्या वस्तूंना जुमानत नाही, मेनूवरही येतो आणि कधी डेस्कटॉपवरही.

टोकदार लांब त्रिकोण म्हणजे मॉडेलच्या एखाद्या बिंदूची जागा चुकीची मोजली गेली किंवा मेमरीतून चुकीची वाचली गेली. ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा वाढवलेला वेग, जास्त झालं असेल तर हे हमखास दिसतं, पण ड्रायव्हरच्या बगनेही दिसतं, त्यामुळे नुसत्या त्रिकोणांवरून निकाल देऊ नका. एकाच गेममध्ये एकाच जागी दर वेळी येत असेल तर बग, कुठेही कधीही येत असेल तर क्लॉक किंवा मेमरी.

लांबच्या रस्त्यावर, भिंतीवर दोन टेक्सचर एकमेकांशी भांडल्यासारखे लुकलुकतात, कॅमेरा हलला की जास्त, याला झेड-फायटिंग म्हणतात. दोन पृष्ठभाग जवळजवळ एकाच खोलीवर आहेत आणि पुढे कुठला ते ठरत नाही, एवढंच. तो गेमचा दोष आहे, तुमच्या पीसीचा नाही, आणि त्यासाठी काहीही उघडायची गरज नाही. जाळी, तारा, गवत यांच्या कडा चमचमतात तोही बिघाड नव्हे, ते अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करणारं सेटिंग, कमी पडतंय. पळणाऱ्या माणसामागे धूसर शेपूट राहते ती टीएए, डीएलएसएस, एफएसआर या चित्र सुधारणाऱ्या सेटिंगमुळे, कारण या पद्धती आधीच्या फ्रेममधली माहिती पुढच्या फ्रेममध्ये वापरतात. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये जास्तीची फ्रेम बनवून घालणं, चालू असेल तर निशाणाच्या खुणेभोवती आणि स्क्रीनवरच्या आकड्यांभोवती चित्र विरघळल्यासारखं होऊ शकतं. तो पर्याय बंद करून बघा, गेलं तर विषय संपला.

चित्र आडव्या रेषेत कापलं जाऊन वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे सरकल्यासारखा दिसतो ते टेअरिंग. मॉनिटर एक फ्रेम दाखवत असतानाच कार्डने दुसरी पाठवली म्हणून होतं. कार्ड आणि मॉनिटरचा ताल जुळवणारं व्ही-सिंक चालू करा, किंवा मॉनिटरला जी-सिंक अथवा फ्रीसिंक (मॉनिटर स्वतःचा रिफ्रेश रेट फ्रेम रेटप्रमाणे बदलतो) असेल तर ते चालू करून फ्रेम रेट मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या दोन-चार फ्रेम खाली लॉक करा, म्हणजे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर १४० वगैरे. गंमत अशी की हेच जी-सिंक-फ्रीसिंक चालू असताना व्हीए आणि ओलेड या प्रकारच्या काही पॅनलवर लोडिंग स्क्रीनमध्ये किंवा मेनूमध्ये पूर्ण स्क्रीनचा उजेड फडफडतो, कारण फ्रेम रेट एकदम वरखाली होतो आणि पॅनलची ब्राइटनेस त्याबरोबर थोडी बदलते. लोक हे बघून कार्ड परत द्यायला निघतात. आधी ते सिंक बंद करून पाच मिनिटं बघा.

टेक्सचर चिखलासारखे दिसतात, जवळ गेल्यावर उशिरा स्पष्ट होतात, आणि सोबत गेम अडखळतो, तर व्हीरॅम भरलीय. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप निवडली की खाली डेडिकेटेड जीपीयू मेमरी किती वापरली ते दिसतं. ८ जीबीच्या कार्डवर ७.८ दिसत असेल तर टेक्सचर क्वालिटी एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंगला हात लावू नका, टेक्सचरनेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

काळ्या स्क्रीनचे मात्र दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायलाच हवेत. स्क्रीन काळी झाली, आवाज चालूच राहिला, गेम मागे चालूच होता, परत आल्यावर काहीच मेसेज नाही, तर मॉनिटरचा आणि कार्डचा संपर्क तुटला होता, केबल बघा. आणि स्क्रीन गोठली, काळी झाली, परत आली आणि गेम बंद पडला किंवा ड्रायव्हरचा एरर आला, तर ड्रायव्हर रीसेट झालाय. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की कार्डने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ते अडकलं असं समजून ग्राफिक्स पुन्हा सुरू करतं. याची नोंद राहते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम, आणि तिथे सोर्स डिस्प्ले आणि नंबर ४१०१ शोधा. ती नोंद ग्लिचच्या वेळेशी जुळली तर तुम्हाला पक्का धागा मिळाला. तात्पुरतं, डेस्कटॉप गोठला किंवा काळा राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, बीप वाजेल, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होईल, आणि बरेचदा रीस्टार्ट वाचतो.

स्क्रीनशॉट स्वच्छ आला असेल तर

तुमचं काम सोपं आहे. केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट लावा. मग कार्डवरचाच दुसरा पोर्ट वापरा, आणि हो, केबल कार्डलाच लावलीय ना ते बघा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही, नवीन पीसीत हे फार वेळा होतं. मग रिफ्रेश रेट खाली आणा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे १४४ चं ६० करा. ६० वर सगळं स्वच्छ झालं आणि १४४ वर परत पांढरे ठिपके चमकायला लागले, तर केबलला एवढा डेटा झेपत नाहीये असं धरून चला. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट प्रति सेकंद, २.१ ची ४८, डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४, आणि ४के १२० हर्ट्झ पूर्ण रंगात हवं असेल तर जुन्या एचडीएमआय केबलवर ते नीट चालणार नाही. लांब केबल, स्वस्त ॲडॅप्टर, मधला स्प्लिटर हे सगळे संशयित, ते काढून थेट छोट्या केबलने जोडून बघा. तरीही राहिलं तर मॉनिटर दुसऱ्या कशाला तरी, लॅपटॉपला किंवा कन्सोलला, जोडा. तिथेही ग्लिच, तर मॉनिटर.

स्क्रीनशॉटमध्ये ग्लिच आहे, आता क्रमाने

पहिल्यांदा गेमच्या आतल्या गोष्टी. गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा, स्टीमवर गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथे पर्याय आहे, बाकी लाँचरमध्येही असतो. मॉड्स असतील तर सगळे काढा, अर्धे नाही, सगळे. रीशेडसारखं रंग-प्रकाश बदलणारं काही टाकलं असेल तर तेही काढा. ओव्हरले बंद करा, डिस्कॉर्डचा, स्टीमचा, एफपीएस दाखवणारा, रेकॉर्डिंगवाला, कारण हे सगळे गेमच्या चित्रावर स्वतःचं काहीतरी काढत असतात. मग गेममध्ये चित्र काढायच्या पद्धतीचा, म्हणजे डायरेक्टएक्स १२ आणि ११ किंवा व्हल्कन असा पर्याय असेल तर दुसरा निवडून बघा. एकावर ग्लिच आणि दुसऱ्यावर स्वच्छ असेल तर कार्ड बहुधा ठीक आहे, ड्रायव्हर किंवा गेम अपडेट होईपर्यंत दुसऱ्यावर खेळा. रे ट्रेसिंगही एकदा बंद करून बघा.

शेडर कॅशही साफ करा. शेडर म्हणजे रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्राम, ते तयार करून या कॅशमध्ये साठवलेले असतात. डिस्क क्लीनअप उघडून डायरेक्टएक्स शेडर कॅशवर टिक करून साफ करायचं. कॅश बिघडली की रंग चुकीचे, वस्तू गायब, काळे डाग असं काहीही दिसू शकतं, विशेषतः ड्रायव्हर अपडेटनंतर. साफ केल्यावर पहिल्यांदा गेम चालवाल तेव्हा अडखळेल, शेडर परत बनत असतात, तेवढं चालायचंच.

मग ड्रायव्हर. इथे माझं मत स्पष्ट आहे, नेहमी लेटेस्टच टाका हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ग्लिच कालपर्यंत नव्हता आणि ड्रायव्हर अपडेटनंतर आला तर मागे जा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, कार्डवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक. ग्लिच नवीन गेममध्येच आहे आणि तुमचा ड्रायव्हर त्या गेमच्या आधीचा आहे तर पुढे जा. दोन्ही वेळी कार्डची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरूनच घ्या, ड्रायव्हर शोधून देणारे जे फुकट प्रोग्राम मिळतात ते टाकू नका. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये कस्टम निवडलं की क्लीन इन्स्टॉलेशनचा टिक असतो, पहिल्यांदा तेवढं पुरतं.

तेवढ्याने नाही झालं किंवा एएमडीचं काढून एनव्हिडियाचं कार्ड घातलंय, उलटं केलंय, तर डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरा. हे नीट करायचं तर असं. नवीन ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेट तोडा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा, कारण मध्येच विंडोज अपडेट स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ दाबून सेफ मोड. त्याआधी दोन गोष्टी हाताशी ठेवा, अकाउंटचा पासवर्ड, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, आणि डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर रिकव्हरी की. सेफ मोडमध्ये रिझोल्यूशन कमी दिसतं, आयकॉन मोठे दिसतात, घाबरू नका. डीडीयूमध्ये जीपीयू, मग कंपनी निवडून क्लीन अँड रीस्टार्ट, मग डाउनलोड केलेला ड्रायव्हर टाका, मगच इंटरनेट जोडा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डवर पिवळं चिन्ह आणि कोड ४३ असेल तर विंडोज सांगतंय की डिव्हाइसने प्रॉब्लेम कळवला म्हणून ते बंद केलं. स्वच्छ ड्रायव्हरनंतरही कोड ४३ राहिला तर कार्डच्या हार्डवेअरकडे संशय वळतो.

क्लॉक, गरमी आणि पॉवर

ओव्हरक्लॉक केलं असेल तर सगळं डिफॉल्टवर आणा, कार्डचा वेग बदलणाऱ्या आफ्टरबर्नर प्रोग्राममध्ये रीसेटचं बटण आहे. अंडरव्होल्टही काढा, लोक विसरतात की व्होल्टेज कमी केल्यानेही तेच त्रिकोण आणि तेच क्रॅश येतात. ओव्हरक्लॉक केलेलंच नाही असं म्हणून पुढे जाऊ नका, कारण बरीच कार्डं फॅक्टरीतूनच थोडी ओव्हरक्लॉक होऊन येतात. टेस्ट म्हणून कोअर क्लॉक (चिपचा वेग) ५० मेगाहर्ट्झने खाली आणा, खेळून बघा, मग तो परत जागेवर नेऊन मेमरी क्लॉक २०० ने खाली आणा, खेळून बघा. मेमरी खाली आणल्यावर चौकोन गेले तर व्हीरॅम कमजोर झालीय हे जवळजवळ नक्की. वॉरंटी असेल तर असं खाली आणून वर्षभर चालवत बसू नका, दावा करा, कार्ड डब्यावर लिहिलेल्या वेगाने चाललंच पाहिजे.

मदरबोर्डच्या रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग, तेही एकदा बंद करून बघा. टेक्सचर कार्डपर्यंत जातात ते साध्या रॅममधूनच, ती रॅम चुका करत असेल तर बिघडलेलाच डेटा कार्डला पोचतो. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं तर कळतं.

तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड उघडा आणि एक आकडा बघून थांबू नका. कोअर, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा, एएमडी तिला जंक्शन म्हणते) आणि मेमरी असे वेगळे आकडे असतात, सगळ्या कार्डांवर सगळे दिसत नाहीत. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० ला कोअरची कमाल मर्यादा ९३ अंश दिलीय, एएमडीच्या आरएक्स ५७०० सीरिजला जंक्शनचे ११० अंशांपर्यंतचे आकडे कंपनीने स्वतः चालतील म्हणून सांगितलेत, आणि काही कार्डांवरची जीडीडीआर६एक्स प्रकारची व्हीरॅम ११० च्या आसपास गेली की कार्ड स्वतःला हळू करतं. म्हणजे ८० बघून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते हे, ग्लिच गेम सुरू केल्या केल्या येतो की वीस मिनिटांनी, तापमान वर चढल्यावर? गार असताना स्वच्छ आणि गरम झाल्यावर घाण, तर गरमीशी संबंध आहे. केसचं साइड पॅनल काढून खेळा, पंखे फिरतायत का डोळ्यांनी बघा, धूळ काढा, धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने ते गरगर फिरू देऊ नका.

पॉवरचं साधं गणित असं, स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या कनेक्टरमधून ७५, ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०, आणि नवीन १६ पिनच्या कनेक्टरमधून ६०० पर्यंत. कार्डला दोन ८ पिन असतील तर पॉवर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलचं पुढे लोंबणारं दुसरं टोक वापरू नका. १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का ते तर नक्कीच बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर हे कनेक्टर वितळल्याची प्रकरणं समोर आली, अर्धवट बसलेला कनेक्टर हे त्यातलं एक मोठं कारण होतं, आणि नंतर सुधारलेल्या आवृत्तीत कनेक्टर बसलाय का ते कार्डला सांगणाऱ्या सेन्स पिन आखूड केल्या गेल्या, म्हणजे नीट न बसलेल्या कनेक्टरमधून पॉवर जाऊ नये. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, एका पॉवर सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला लावू नका, बसल्या तरी नाही, आतली जोडणी वेगळी असू शकते आणि कार्डासकट सगळं जळू शकतं.

गेममध्ये ग्लिच न येता पीसी खाडकन बंदच होत असेल तर कार्डाआधी पॉवर सप्लाय तपासा.

कार्ड काढून परत बसवणं

हे घाबरण्यासारखं नाही पण घाईचंही नाही. पीसी बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, प्लग काढा, आणि मग पीसीचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. केसच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. पॉवर केबल काढा, कनेक्टरची कडी दाबून, वायरला धरून ओढू नका. मागचे स्क्रू काढा. आता स्लॉटच्या टोकाला एक छोटी प्लास्टिकची कडी असते, मोठ्या कार्डाखाली ती दिसत नाही, बोटाने किंवा लाकडी पट्टीने ती दाबायची आणि मगच कार्ड सरळ वर उचलायचं. ही कडी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. सोनेरी पट्टी नीट बघा, काळपट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. परत बसवताना कडीचा टक असा आवाज यायला हवा. कार्ड जड असेल आणि पुढच्या बाजूने झुकत असेल तर खालून आधार द्या. रायझर केबल, म्हणजे कार्ड आणि बोर्डाच्या मधली जोडकेबल, वापरत असाल तर ती काढून कार्ड थेट बोर्डात लावा, ते शक्य नसेल तर बायोसमध्ये कार्डचा स्लॉट (पीसीआयई) जेन ३ या कमी वेगावर टाकून बघा, जुन्या रायझरवर जेन ४ चालवल्यानं ग्लिच आणि काळ्या स्क्रीन येतात.

कार्डचं नाव पुढे येतं पण दोष दुसऱ्याचा

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं उदाहरण प्रत्येक नवीन माणसाला माहीत हवं. अनरियल इंजिनचे गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपली असा एरर देऊन बंद पडायचे. मेसेजमध्ये व्हिडिओ मेमरी लिहिलंय म्हटल्यावर लोक ड्रायव्हर बदलत बसले, कार्डं बदलत बसले. दोष प्रोसेसरचा होता, शेडर उलगडताना तो चुका करायचा. इंटेलने २०२४ मध्ये जास्त व्होल्टेजचं कारण मान्य केलं, बायोसमधून नवीन मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचं बायोस अपडेट करून घ्या, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

शेवटची खात्री

एवढं करूनही ग्लिच असेल तर कार्डवर मुद्दाम ताण द्या. ओसीसीटीमध्ये व्हीरॅमची वेगळी टेस्ट आहे आणि ती चुकांची संख्या दाखवते, मेमटेस्ट व्हल्कनही तेच काम करतं. डिफॉल्ट क्लॉकवर एकही चूक आली तरी ती जास्तच, शून्यच यायला हवं. युनिजिन सुपरपोझिशन किंवा हेवन ही ग्राफिक्स टेस्ट लूपवर लावून अर्धा तास बघत बसा. फरमार्क ही ताण देणारी टेस्ट मी नवीन माणसाला सांगत नाही, तो कार्ड उगाच तापवतो आणि खऱ्या गेमसारखा ताण देत नाही.

सगळ्यात पक्कं उत्तर मात्र अदलाबदलीने मिळतं. ओळखीच्याचं कार्ड तुमच्या पीसीत, तुमचं त्याच्या पीसीत. ग्लिच कार्डासोबत गेला तर कार्ड, तुमच्या पीसीतच राहिला तर बाकी काहीतरी.

वॉरंटीत देताना ग्लिचचे स्क्रीनशॉट, बायोस स्क्रीनवरचा व्हिडिओ असेल तर तो, व्हीरॅम टेस्टच्या चुकांचा फोटो आणि मोबाइलमधली ती यादी, काय काय करून बघितलं त्याची, सोबत द्या, म्हणजे ड्रायव्हर परत टाकून बघा या उत्तरात आठवडा जाणार नाही. सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. कूलर उघडू नका, आधी वॉरंटीची अट वाचा. वॉरंटी संपलेली असली तरी कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा जो उपाय व्हिडिओंमध्ये दिसतो तो करू नका, चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि ज्या ओव्हनमध्ये खाणं शिजवता त्यात गरम प्लास्टिक आणि रसायनांचा धूर करणं आरोग्यासाठी वाईट आहे. त्यापेक्षा चिपचं काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्याला दाखवा, एक मेमरी चिप बदलून कार्ड वाचल्याची उदाहरणं आहेत.

कार्ड दुरुस्तीला गेलं असताना प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का बघा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर नाही, रायझन ७००० च्या बहुतेक डेस्कटॉप मॉडेलमध्ये छोटं ग्राफिक्स आहे, तिथेही एफवाल्यांत नाही. असेल तर केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, हलके गेम आणि रोजचं काम चालतं. आणि कार्ड नसताना तुमच्याच पीसीवर सगळं स्वच्छ दिसतंय की नाही तेही त्याच यादीत लिहून ठेवा.